एकाच दगडाचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नाही, नाटकाचाही नाही. कोनशिलेवरचा. लाल मखमल, पिवळी झालर, आत सुती अस्तर, बाजूला दोरी. मोठी माणसे दोरी ओढतात, मी सरकतो आणि दगडावरचे त्यांचे नाव दिसते. एवढेच माझे काम. त्यांचेही एवढेच.

बालपण सांगायला हवे. रायपूरच्या गोल बाजारात मला ताग्यातून कापले. उरलेल्या कापडाची एका नवरदेवाची शेरवानी झाली. ती एकदा तरी नाचली असेल. संपले बालपण.

(दोरी ओढली. टाळ्या.)

तेव्हा राज्य नवे होते. रायपूर नुकतेच राजधानी झाले होते. ज्या विकास मंडळाने मला विकत घेतले, त्याच्याकडे निधी भरपूर येई. सकाळी रस्ता, दुपारी सभागृह, संध्याकाळी बाग. "पडदा मस्त आहे," असे सगळे म्हणत. रस्ता कसा झाला हे बघायला कोणी परत येत नसे.

मग मंदी आली. शहराला लागूनच्या बीरगावात लोखंडाच्या भट्ट्या थंड पडल्या, माणसे घरी बसली. वरून हुकूम आला: पैसा कमी आहे, जे काम सुरू झाले आहे त्यालाच निधी मिळेल, आणि ते सुरू झाल्याचे मार्च संपायच्या आत दाखवावे लागेल. शहाणा हुकूम होता. शहाण्या हुकमाचे काय करायचे, हे आमच्या मंडळाला बरोबर ठाऊक होते.

मंडळाचे प्रमुख श्रीपादराव. राहणार तात्यापारा, म्हणजे रायपुरातली जुनी मराठी वस्ती. आपले घराणे भोसल्यांच्या काळापासून इथे आहे, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. घराण्याने तेव्हापासून काय केले, हे सांगत नसत.

"सुरू झालेलं काम म्हणजे काय?" त्यांनी बैठकीत विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. "ज्याचा दगड बसला ते."

दगडाचा फोटो पाठवला की काम सुरू. पण इतके दगड घ्यायचे म्हणजे खर्च, आणि दिवस मंदीचे! म्हणून काटकसर झाली. सगळ्या कामांसाठी एकच दगड. चाकांच्या लाकडी चौकटीवर उभा केलेला, कामाचे नाव वरून चिकटवायचे. मी त्याच चौकटीला खिळ्यांनी ठोकलेला. टेम्पोतून आम्ही दोघे गावभर फिरलो. फोटो. फोटो. फोटो. कुदळ कुठेच नाही.

या काटकसरीबद्दल श्रीपादरावांचा सत्कार झाला. शालीसाठी पैसे होते.

(दोरी ओढली. टाळ्या. शाल.)

बीरगावच्या एका वस्तीत मात्र उलटा प्रकार होता. तिथे पाण्याची पाइपलाइन खरोखर सुरू झाली होती. मंडळाचा तरुण इंजिनियर निरंजन याने समारंभाची वाट न बघता चर खणला, अर्ध्या वस्तीपर्यंत पाइप टाकले. दगड बसला नव्हता, म्हणून मंडळाच्या लेखी काम सुरूच नव्हते. पुढचा निधी अडला.

चर जिथे थांबला, त्याच्या पुढे भीमाबाईची खानावळ होती. कारखान्यातले काम गेल्यावर तिने ती टाकली होती. टँकर आला तर चूल पेटायची. नाही आला तर जेवणारे दुसरीकडे जायचे, आणि गेलेले परतत नसत. पाइप आला नसता तर खानावळ मोडून तिला वर्ध्याला दिराच्या दारात जावे लागले असते.

निरंजनने फार विनवले, तेव्हा मार्चच्या शेवटच्या दिवशी आम्हाला तिथे नेले. संध्याकाळी शहराच्या वेशीवर स्वागतद्वाराचे भूमिपूजन होते, तिथेही आम्हीच हवे होतो.

फोटो झाला. श्रीपादराव हसत म्हणाले, "उरलेला पैसा एकाच कामाला पुरेल, निरंजन. तो द्वाराला देऊ. पाइप जमिनीत जातो, दिसतो का कोणाला?"

"सर, इथं अर्धं काम झालंय."

"मग अर्धे लोक खूश असतील ना?"

"हव, सर," निरंजन म्हणाला. मित्रांनो, होकाराच्या या दोन शब्दांनी जेवढी शहरे खचली, तेवढी भूकंपाने खचली नसतील.

भीमाबाई दारात कणीक मळत होती. तिने सगळे ऐकले. ती तशीच उठली आणि चौकटीवर येऊन बसली, दगडाला पाठ लावून. माझ्या झालरीला कणीक लागली.

"बाई, उठा. दगड न्यायचा आहे," श्रीपादराव म्हणाले.

"काहून? माह्या पाण्याचा दगड हाय ना हा?"

"हो, पण दुसरीकडेही लागतो."

"मंग त्या दुसऱ्याले म्हना, घागर घेऊन इथं ये."

फोटो बघायला जमलेल्या वस्तीतल्या बाया हसल्या आणि एकेक करून तिच्या शेजारी बसल्या. श्रीपादराव हिंदीवर आले. "दीदी, समझा करो. सरकारी सामान है."

"मी बी सरकारचीच हावो. उचला मले बी."

"निरंजन, हटव हिला!"

"सर, महिला आहेत. मी कसा हात लावू?" निरंजनचे त्या वर्षातले शौर्य एवढेच.

श्रीपादराव निरंजनला घेऊन तणतणत निघून गेले. दिवेलागणीला निरंजन एकटाच परत आला. हसू त्याला आवरत नव्हते.

"दगड मिळाला जी त्यांना दुसरा. पडदा नाही मिळाला. मग चादर टाकली त्याच्यावर. पोपटांची!"

"मंग?"

"दोरी ओढायला बोलावलेले पाहुणे गाडीतून उतरले, चादर पाहिली अन् म्हणाले, 'मैं बिस्तर की चादर खींचूं?' बसले गाडीत, गेले! फोटो नाही, म्हणजे द्वार सुरूच नाही. आता पैसा इथंच येईल, भीमाबाई."

"म्हंजे मले पानी पोपटानं देल्लं?"

कोणी न्याय केला नव्हता. हिशेब मांडून, विचार करून कोणी काही ठरवले नव्हते. एका माणसाला चादरीची लाज वाटली, म्हणून वस्तीला पाणी मिळाले.

पाइप आला. नळ सोडायला श्रीपादराव आले आणि आपल्या दूरदृष्टीवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असत्या, मित्रांनो. मी तुम्हाला ओळखतो.

मला भीमाबाईने परत दिले नाही. तिने माझे अस्तर उसवून भाकरीच्या टोपलीत घातले आणि मखमल पाण्याच्या पिंपावर टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याखाली काहीतरी खरे आहे.

म्हणून सांगतो. तुमच्या गल्लीत नळ आला, तर हार घेऊन कोणाकडे धावू नका. ते पाणी तुमचेच होते. पिऊन घ्या, आणि नळ घट्ट बंद करा.