निळ्या गोळ्या

हार्टमुट वेन्झेलने ट्रेनर म्रोसेकची मानगूट धरली आणि त्याचं तोंड पोहण्याच्या तलावाच्या काठावर आपटलं. फरशीवर रक्त आणि दोन दात सांडले. पाण्यातल्या पोरी किंचाळत कपडे बदलायच्या खोलीकडे पळाल्या.

"गोळ्यांचं नाव सांग."

सकाळी याच तलावात त्याची थोरली मुलगी, कोर्डुला, उजवी कूस धरून बुडायला लागली होती; बाहेर काढून तिला हॉस्पिटलात नेलं. चौदा वर्षांची पोर, पाठीवर पोहण्यात जिल्ह्यात पहिली. पोट रक्ताने भरलेलं, यकृत फुटलेलं. हिला काय चारत होतात, असं सर्जनने विचारलं, तेव्हा हार्टमुट म्हणाला, व्हिटॅमिनच्या निळ्या गोळ्या, रोज सकाळी ट्रेनरसमोर चहाबरोबर. सर्जन म्हणाला, ते व्हिटॅमिन असेल तर नाव बदलीन माझं. खरं नाव कळल्याशिवाय मी अंधारात सुरी चालवतोय.

पोरीचा आवाज घोगरा झाला होता, खांदे रुंदावले होते. घरात सगळे तिला हवालदार म्हणायचे. सहा वर्षांची धाकटी आनेट तर तिच्यासारख्याच जाड आवाजात बोलायची आणि ती नक्कल ऐकून हार्टमुट पोट धरधरून हसायचा.

"सरकारी गुपित आहे, सांगितलं तर मला आत टाकतील," म्रोसेक म्हणाला. "तुलाही."

हार्टमुट गोदीत जहाजांचे पत्रे वाकवायचा. त्याने म्रोसेकचं डोकं पाण्यात दाबलं. पाय झाडायचे थांबले तसं वर काढलं, श्वास घेऊ दिला, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वर आल्यावर म्रोसेक पाणी आणि रक्त ओकत बोलला. गोळीचं नाव सांगितलं. हार्मोन होतं, पुरुषांचं. सगळ्या पोरींना द्यायचं, वरून हुकूम होता.

हार्टमुटने बुटाने त्याची बोटं चिरडली. मेल्या, पोटच्या पोरीला दिलं असतंस का, असं तो ओरडत राहिला.

"थांब, बाबा, ऐक." म्रोसेक हुंदके देत होता. "सुट्टीसाठी घरी दिलेली डबी होती ना, फिल्मच्या रोलची? त्यातल्या तिने घेतल्या नसतील, तर यकृताला तेवढा आराम मिळाला असेल. वाचेलही कदाचित."

घेतल्याच नव्हत्या! हार्टमुटचा जीव भांड्यात पडला. कोर्डुलाने ती डबी आईच्या हातात दिली होती. आपली आनेट सारखी आजारी असते, असं व्हिटॅमिन दुकानात कुठे मिळतंय, तिलाच दे म्हणाली होती. तेव्हा आपण नवरा-बायकोने पोरीचं किती कौतुक केलं, हे त्याला आठवलं. त्याने म्रोसेकला तिथेच टाकलं.

त्याने ट्रेनरच्या खोलीतून हॉस्पिटलला फोन करून गोळीचं नाव सांगितलं आणि घराकडे धाव घेतली.

त्याची बायको गुडरून आनेटला रव्याची खीर भरवत होती. त्याने वाडगा भिंतीवर फेकला, पोरीचा जबडा उघडला, घशात बोटं घातली. पोर कडकडून चावली. नवऱ्याला वेड लागलं असं वाटून गुडरूनने तव्याने त्याच्या पाठीत घाव घातले, कानशील फोडलं. त्याने बोटं काढली नाहीत. शेवटी पोरीने सगळी खीर ओकली. त्यात कुस्करलेल्या गोळीचे निळे कण होते.

मग आनेट मोठ्याने रडायला लागली, घोगऱ्या, फाटक्या, पुरुषी आवाजात.

गुडरूनच्या हातातला तवा तसाच राहिला. रडताना कोणी नक्कल करत नाही, हे तिलाही कळलं होतं.