जास्वंदबाबांचं हिरवं पाणी

डिलाईल रोडच्या त्या चाळीत, मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जास्वंदबाबा लोकांचा मधुमेह हातावाटे काढत होते. रोग्याने तळहाताला विभूती चोळायची आणि हात जास्वंदीच्या लालभडक पाण्यात बुडवायचा. पाणी हिरवं व्हायचं.

"साखरेचं विष उतरलं!" बाबा गरजायचे.

शेवटच्या बैठकीत पाणी लालच राहिलं, की रोगी बरा.

कमलबाईंचं पाणी गणपतीच्या आधीच लाल राहिलं होतं. त्याच दिवशी त्यांनी इन्सुलिन सोडलं. आज त्या नव्या रोग्यांना धीर द्यायला बसल्या होत्या आणि त्यांची सून दर्शना त्यांना न्यायला आली होती. दर्शना शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी सासूच्या पायाचा अंगठा तिला काळा पडलेला दिसला होता.

"आई, डॉक्टरांकडे चला."

"मी बरी झालंय गो! पाण्यानंच सांगितलं ना."

दर्शनाने प्रसादाच्या ताटातला चमचा उचलला, विभूतीत घोळवला आणि ताज्या लाल पाण्यात ढवळला. पाणी हिरवं झालं.

"चमच्यालाही मधुमेह आहे," ती म्हणाली.

"एखाद्या रोग्याने वापरला असेल," बाबा शांतपणे म्हणाले. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मग दर्शनाच्या सांगण्यावरून शेजारच्या शांताकाकूंनी घरून खायचा सोडा आणला. तो ताज्या लाल पाण्यात टाकल्यावर तेही हिरवं झालं. तोवर दर्शनाने बाबांच्या मांडीआडची दुसरी डबी ओढली आणि त्यातली पूड काकूंच्या हाताला चोळून हात पुन्हा ताज्या पाण्यात बुडवला. काकूंची आज पहिलीच बैठक होती. पाणी लाल राहिलं.

"काकू, पहिल्याच दिवशी बऱ्या झालात! अहो, शेवटच्या बैठकीला बाबा ही डबी काढतात, हिच्यात नुसतं तांदळाचं पीठ आहे. त्या विभूतीत सोडा आहे. सोड्याने जास्वंदीचा रंग हिरवा होतो. रोगाचा काही संबंध नाही."

बाबांना अचानक दादरला जायचं आठवलं. मंडळाच्या पोरांनी दार अडवलं आणि पोलिसांना बोलावलं.

शीवच्या हॉस्पिटलात कमलबाईंचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

"रोज सुई टोचून जीव विटला होता गो," त्या सुनेला म्हणाल्या. "कुणीतरी 'सुटलीस' म्हणावं, एवढंच हवं होतं."

दर्शनाने त्यांचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला कमलबाई एकच सांगत: "जास्वंद देवाला वाहा, तेलात उकळून केसांना लावा. पण साखर रक्तात असते, ती रक्त तपासूनच कळते. औषध बंद करा म्हणणाऱ्याला आधी विचारा, कशावरून? आणि तो चिडला, तर उठून घरी या."