बिनवासाचा रंग

घरात ती धाकटी सून, म्हणून कारखान्यातही सगळे तिला धाकटीच म्हणत. दारं आणि चौकटी बनवणाऱ्या त्या घरच्या कारखान्यात रंगखातं तिच्याकडे होतं, आणि आज सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

कारणही तसंच होतं. लाकडाला रंग देताना जी विषारी वाफ चिमणीतून बाहेर पडते, तिला नव्या नियमाने मर्यादा घातली होती. मर्यादा ओलांडली की रंगखात्याला कुलूप! एक तर वाफ जाळून टाकणारी भलीमोठी भट्टी बसवायची, नाहीतर रंगच बदलायचा. भट्टी मांडायला अंगणात जागा नव्हती. धाकटीने रंग बदलला. थिनरचा सोडून पाण्यावरचा आणला.

तिचे सासरे, म्हणजे दादा, यांच्या डोळ्यांत तो रंग पहिल्या दिवसापासून खुपत होता. उभी हयात त्यांनी दारांवर रंग फवारण्यात काढलेली.

"ज्याला वास नाही तो रंग कसला? पाणचट कारभार नुसता!"

"दादा, तुमच्या नाकाने कधीच राजीनामा दिलाय," धाकटी म्हणायची. "वास आहे की नाही, तुम्हाला काय कळणार?"

यावर ते खो खो हसत, पण मत काही बदलत नसत.

आज तपासणी होती. तपासनीस बाई डोक्यावर शिरस्त्राण चढवून शिडीने थेट छपरावर गेल्या, चिमणीत नळी घातली आणि तिचं दुसरं टोक यंत्राला जोडलं. "काम रोजच्यासारखं पूर्ण जोरात चालू ठेवा," त्यांनी वरून सांगितलं.

दारं पुढे नेणारा पट्टा सुरू झाला. दारं एकामागून एक फवारणीच्या खोलीत शिरली, तिथून वाळवणीच्या भट्टीत गेली. पहिलं दार बाहेर आलं आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. दारभर बारीक फोड! जणू त्याला गोवर आला होता.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" दादा मागेच उभे होते.

धाकटीने दारावरून हात फिरवला. फोड पोकळ होते. म्हणजे वरचा थर आधी वाळला आणि आतलं पाणी अडकलं! ती भट्टीकडे धावली. सुरुवातीची आच उतरवली, वारा वाढवला, पट्टा जरा संथ केला. पुढची दोन दारं बिघडलेलीच आली. त्यानंतरच्यावर तुरळक फोड होते. पाचवं दार आलं ते असं गुळगुळीत की छताचे दिवे त्यात लख्ख दिसले.

"आलं गं बाई आलं!" ती ओरडली. ऑफिसमधून मोठी जाऊ धावत आली आणि दोघींनी एकमेकींचे हात धरून तिथेच गिरकी घेतली.

तेवढ्यात छपरावरून हाक आली. "अहो, आकडा चढतोय!"

धाकटी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. खरंच, इतका वेळ तळाशी बसलेला आकडा मर्यादेकडे सरकत होता. रंग तोच आहे. उलट भट्टी थंड केलीय. मग ही वाफ येतेय कुठून? या चिमणीला जोडलेलं दुसरं काय आहे? जुनी फवारणीची खोली! पण ती तर बंद आहे.

ती तशीच खाली सुटली. बंद खोलीचं दार ढकललं तर आत दादा! बाह्या सरसावलेल्या, समोर उघड्या टबात काठोकाठ थिनर, आणि हातात रंग फवारायची बंदूक.

"दादा! हे काय करताय?"

"अगं, तुझ्या त्या रंगाने बंदुकांची तोंडं तुंबायला लागली. म्हटलं, एक धुऊन तयार ठेवावी. ऐनवेळी तुझा खोळंबा नको." मग तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज बसला. "का गं? काही चुकलं का?"

ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. "चुकलं नाही, उडालं! तुमच्या थिनरची वाफ चिमणीत चढतेय," ती म्हणाली आणि टबावर झाकण दाबून बसवलं. "चला माझ्याबरोबर."

छपरावर जाऊन तिने बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "धुण्यातली वाफसुद्धा नियमात मोजली जाते. मला ही नोंद करावी लागेल. यापुढे कसं धुणार ते ठरवा, मग पहिल्यापासून मोजू."

"पाण्याने धुऊ, झाकणाच्या टाकीत," धाकटी म्हणाली.

"आणि मी धुणार," दादा म्हणाले.

पुन्हा मोजणी सुरू झाली. खाली दादा कोमट पाण्यात बंदुका घुसळत होते आणि फुरसत मिळाली की शिडीखाली येऊन विचारत होते, "किती?" धाकटी वरून बोटांनी खुणा करत होती. आकडा वर गेलाच नाही. शेवटी बाईंनी नळी ओढून काढली आणि म्हणाल्या, "मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. पास!"

धाकटीने छपरावरूनच अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरची माणसं थबकली. खाली दादांनी ओले हात वर करून टाळ्या पिटल्या, पाणी उडालं ते थेट मोठ्या जावेच्या तोंडावर.

"दादा!"

"ओरडतेस काय? पाणीच आहे ते," दादा म्हणाले. "थिनर असतं तर डोळे चोळत बसली असतीस!"