नाकवाल्या बाई

"आधी बाटली हुंगायची नाही, आधी बूच हुंगायचं," असं म्हणत बाईंनी ते ओलसर बूच नाकाशी नेलं, डोळे मिटले, क्षणभर थांबल्या आणि पसंतीची मान हलवली. समोर बसलेल्या सहाही जणांनी नकळत आपापल्या माना हलवल्या.

वास काही आला नव्हता. बूच असो की खडूचा तुकडा, बाईंच्या नाकाला आता सगळं सारखंच होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला, चार दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी वर्ष लागतं, कधी येतही नाही. बाई एकट्याच गेल्या होत्या डॉक्टरांकडे. बाहेर येऊन त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सहलीवर हजर झाल्या.

आपल्या भाषेत नाकाला केवढी कामं. नाक वर असतं, खाली जातं, कापलं जातं, घासलं जातं, मुठीत धरलं जातं. नुसता वास घ्यायला देवाने ते दिलंय हे कोणाच्या लक्षातही नसतं. बाईंचं पोट मात्र नेमकं त्याच एका कामावर चालत होतं. बावीस वर्षं त्या पाहुण्यांची छोटी गाडी घेऊन या काळ्या डोंगराच्या पायथ्याशी हिंडत होत्या. हा डोंगर कधीकाळी फुटला होता, त्याची राख मैलोन्‌मैल पसरली होती, आणि त्या राखेत लोकांनी द्राक्षं लावली होती. एका दिवसात चार वाइनरी, गाडीत जास्तीत जास्त आठ माणसं, संध्याकाळी पाचला परत. तळघराच्या दारात उभं राहून कोणतं पिंप बिघडलंय हे सांगणारी बाई म्हणून सगळा परिसर त्यांना ओळखायचा. 'नाकवाल्या बाई' हे नाव वाइनरीवाल्यांनीच पाडलं होतं. त्या वरवर नाक मुरडायच्या, पण ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

आता ते नाव सांभाळायचं तर काय करायचं? बाईंनी युक्ती काढली होती. लोकांच्या तोंडाकडे बघायचं. घरी दुधाचा पहिला घोट नवऱ्याला घेऊ द्यायचा. त्याचा घड्याळदुरुस्तीचा धंदा, सकाळी घाईत असायचा. एकदा त्याने पेला ओठाशी नेला आणि त्याच्या कपाळावर आठी दिसली, तशी बाई झटकन म्हणाल्या, "थांबा, पिऊ नका. नासलंय ते." नवरा दिवसभर दुकानात सांगत सुटला, आमच्या हिला पाच फुटांवरून कळलं म्हणून. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

तर ही आजची तिसरी वाइनरी. एका कुटुंबाची, लहानशी, काळ्या दगडाच्या बुटक्या दालनात चालणारी. इथल्या आजोबांचे गुडघे गेले होते, त्यामुळे बाटल्या उघडायचं काम त्यांनी कधीच बाईंवर सोपवलं होतं. ते आपले दाराजवळच्या खुर्चीत बसून असायचे. बाईंनी मान हलवली की बाटली चांगली, एवढा साधा कारभार.

बाईंनी सहा ग्लासांत थोडी थोडी वाइन ओतली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांची तोंडं बघायला सुरुवात केली. नवं जोडपं होतं, ते एकमेकांकडे बघण्यात दंग. ऑफिसातून सुट्टी काढून आलेल्या दोन मैत्रिणी होत्या, त्यांचं लक्ष फोटोकडे. साहेब होते. साहेब म्हणजे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सकाळी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपला हुद्दा सांगून टाकला होता, तेव्हापासून सगळे त्यांना साहेबच म्हणत होते. त्यांनी आदल्या आठवड्यात वाइनवरचं एक पुस्तक वाचलं होतं, आणि ते अजून उतरलं नव्हतं. शेजारी त्यांची बायको. त्यांना सगळे मावशी म्हणत होते. सकाळी ओळखी करून देताना मावशी म्हणाल्या होत्या, "मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात होते, एकतीस वर्षं," आणि साहेबांनी घाईने खिडकीबाहेरचा डोंगर दाखवायला घेतला होता.

पाच तोंडं कोरी होती. बाई काय सांगतात त्याची वाट बघत होती. सहावं तोंड मावशींचं. मावशींनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांच्या नाकपुड्या एकदम आक्रसल्या, ग्लास बोटभर लांब गेला. नासलेल्या दुधाच्या वेळी नवऱ्याचं झालं होतं, अगदी तसंच.

बाईंना तिथल्या तिथे कळलं. बाटली बाधलेली होती. बुचाला बुरशी धरली की वाइनला कुबट वास मारतो, ही त्यांना नवी गोष्ट नव्हती. करायचं एवढंच होतं, की आजोबा, दुसरी बाटली काढा म्हणायचं. पण मघाशीच तर डोळे मिटून बूच हुंगण्याचं मोठं नाटक झालं होतं. आता दुसरी मागवली तर कोणीतरी विचारणारच, मग मघाशी काय हुंगलंत? आणि बाईंच्या तोंडातून बावीस वर्षांचं पाठ वाक्य निघून गेलं.

"लिंबाची साल. पावसात भिजलेला दगड. आणि मागे अगदी किंचित धूर, तो आपल्या डोंगराचा."

"हो, धूर आहे," नवरदेव म्हणाला.

"लिंबू तर लगेच आलं," एक मैत्रीण म्हणाली.

मावशी अजून ग्लासातच बघत होत्या. "ताई, मला ना आपला ओल्या पोत्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "धुतलेलं फडकं न वाळवता घडी करून ठेवलं की येतो ना, तसला."

साहेब मोठ्याने हसले. "घ्या. आमच्या हिला वाइनमध्येसुद्धा फडकीच सापडली."

सगळे हसले. वाईट मनाने नाही, सहलीत हसतात तसे. मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं, कारण निकाल त्यांनी द्यायचा होता.

"सुरुवातीला होतं असं, मावशी," बाई म्हणाल्या, आणि वर गोड हसल्याही. "नाकाला सवय नसते. दोन-तीनदा घेऊन बघा, लिंबू सापडेल."

मावशींनी पुन्हा हुंगलं. मग आणखी एकदा. "असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच." आणि औषध घेतल्यासारखा त्यांनी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. अंगावरचे कपडे उतरवून कोणी चौकात उभं करावं तशी त्यांना लाज वाटत होती, आणि ती दिसू नये म्हणून त्या राखेत वेलांची मुळं किती खोल जातात ते सांगू लागल्या.

पाहुणे बाहेर सावलीत पाव आणि चीज खायला बसले तेव्हा आजोबांनी बाईंना आत हाक मारली. हातात ती उरलेली बाटली होती.

"ही बाधलीय, ताई."

बाईंनी दाराबाहेर बसलेल्या पाहुण्यांकडे एक नजर टाकली.

"मला इथे खुर्चीत बसून कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत, आजोबा?"

"तुम्ही मान हलवलीत ना. म्हटलं, बाई मान हलवतायत म्हणजे माझंच म्हातारपण असणार. गुडघे गेले, आता नाक चाललं." आजोबांनी बाटली खाली ठेवली आणि बाईंकडे जरा वेळ पाहिलं. बावीस वर्षांची ओळख, फार बोलावं लागलं नाही. "किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"घरी माहितीय?"

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

आजोबा उठले, गुडघे धरत फळीपाशी गेले. "मी दुसरी काढतो. सांगतो, ही वरच्या उतारावरची, वेगळी आहे. कोणाच्या बापाला कळायचं नाही. तुम्ही नुसत्या ओता."

आणि बाई हो म्हणाल्या. त्यांना आपण लगेच चांगलं ठरवायला नको. आधी त्या हो म्हणाल्या, आजोबांचे आभारही मानले, आणि नवी बाटली घेऊन बाहेर आल्या.

मावशींनी ग्लासावर हात ठेवला. "मला नको, ताई. माझ्यावर वाया कशाला?"

"थोडी घ्या की. ही वेगळी आहे."

"अहो, माझं नाकच गेलंय वाटतं." मावशी साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलत होत्या. "धुलाईघरात मी बाकी कशातच हुशार नव्हते हो. मशीन चालवायला मला कधी जमलं नाही. पण हजार चादरींत एक दमट राहिली असेल ना, तर ढिगाजवळून जाता जाता सांगायचे मी. नवीन मुली मुद्दाम बोलावून न्यायच्या मला. तेवढं एकच होतं बघा माझ्याजवळ. आता वय झालं. चालायचंच." असं म्हणून त्यांनी पावाचा तुकडा मोडला.

तक्रारीचा सूर नव्हता त्यांचा. तक्रार केली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. आपलं गेलेलं नाक आपण या बाईच्या गळ्यात बांधलं, एवढंच त्यांना कळत होतं. हातातली बाटली त्यांना जड झाली.

चौथ्या वाइनरीकडे गाडी निघाली तेव्हा बाईंनी माइक हातात घेतला. ड्रायव्हरकाकांनी सवयीने गाण्याचा आवाज कमी केला. या वळणावर बाई डोंगर कसा फुटला ते सांगायच्या.

"मघाशी तिसऱ्या ठिकाणी आपण प्यायलो ती पहिली बाटली खराब होती," बाई म्हणाल्या. "मावशींना आला तोच वास खरा होता. लिंबू नव्हतं, धूर नव्हता. मी बूच हुंगल्यासारखं केलं, पण मला वास येत नाही. ताप आला होता, तेव्हापासून. आठ महिने झाले. चूक माझी आहे. मावशी, तुमचं नाक उत्तम आहे."

काकांनी आरशातून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली.

"तरी मला जरा वेगळंच लागत होतं," नवरदेव म्हणाला.

"मी तुला म्हटलं नव्हतं का?" एक मैत्रीण दुसरीला म्हणाली. ती असं काही म्हणाली नव्हती.

"मी तर हिला खूण केली होती," साहेब म्हणाले. "म्हटलं बोल, घाबरू नकोस." खूण वगैरे कोणी केलेली नव्हती, पण साहेबांचा चेहरा इतका खरा होता, की त्यांनाही बहुधा ते पटलं असावं.

खिडकीबाहेर काळ्या राखेत बुटके वेल एकामागून एक मागे जात होते, मावशी तिकडे बघत राहिल्या. चौथ्या वाइनरीत तिथल्या मालकिणीनेच बाटल्या उघडल्या आणि बाई मागे भिंतीशी उभ्या राहिल्या.

संध्याकाळी पाचला गाडी चौकात थांबली. एकेक जण उतरला. कोणी हात मिळवला, कोणी नुसतं हसलं, नवरदेव "लवकर बऱ्या व्हा, ताई" म्हणाला. साहेब उतरून पुढे चालू लागले होते. मावशी सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि दाराशीच थांबल्या.

"आठ महिने म्हणजे फारच झाले हो," त्या म्हणाल्या. "मग घरात कसं करता? दूध नासलं, काही करपलं, तर कळतं कसं?"

प्रश्न इतका साधा होता, की बाई खरं बोलून गेल्या. "दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघते. पहिला घोट त्यांना घेऊ देते. तोंड वाकडं झालं की समजते."

मावशींनी मान डोलावली. युक्ती त्यांना पटली. मग त्यांची मान डोलायची थांबली.

"म्हणजे आज माझंही तोंड पाहिलंच असेल तुम्ही," त्या म्हणाल्या.

गाडीत सांगताना बाईंनी एवढंच तर गाळलं होतं. वास येत नाही म्हणून चुकले, असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून लोकांना त्यांची दया आली होती. आता 'नाही' म्हटलं असतं तरी चालणार होतं. समोरची बाई भोळी होती, तिने ऐकलं असतं.

"पाहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं मला."

"हं," मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, की जाऊ द्या असंही म्हणाल्या नाहीत. "मी सगळा प्यायले तो ग्लास," एवढं म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि निघाल्या. पुढून साहेबांनी "चल ना लवकर" म्हणून हाक मारली. मावशींनी चाल वाढवली नाही.

बाई चौकातल्या सहल कंपनीच्या ऑफिसात गेल्या. टेबलावरच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, "उद्या सात जण आहेत, ताई. तुमचं नाव टाकू ना?"

"नको. उद्या नको, परवाही नको."

"का हो? गावाला जाताय?"

"नाही."

"मग कारण काय लिहू? मॅनेजर विचारतील मला."

"लिही, नाक नाही."

मुलगी खळखळून हसली. नाकवाल्या बाईंनी असं म्हणावं ही तिला दिवसभरातली सगळ्यांत भारी थट्टा वाटली. तिने शेजारच्या टेबलावरच्या मुलालाही ती ऐकवली, तोही हसला. बाई टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. दोघांचं हसून होईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.