दार लावून जेवणारी

माणसानं जेवावं ते चारचौघांत, असं आजीचं ठाम मत होतं. दार लावून जेवतो तो एक तर चोर, नाहीतर आजारी. आणि तिची नात, चांगली शिकलीसवरली, कचेरीत नोकरी करणारी पोरगी, ताट उचलून सरळ आपल्या खोलीत जायची आणि आतून कडी घालायची. एखाद्या दिवशी नव्हे, रोज, कित्येक वर्षं.

"आमच्या अंगाला काय वास येतो का गं?" आजी बाहेरून विचारायची. मग गाडी सुनेकडे, म्हणजे पोरीच्या आईकडे, वळायची. "तूच लाडावून ठेवलीस. उद्या म्हणेल, श्वाससुद्धा वेगळ्या खोलीत घेते."

घरात काहीही बिघडलं तरी खापर सुनेच्याच डोक्यावर. दोरा कापायची बारीक कात्री हरवली, तेव्हाही आजीनं तिलाच धारेवर धरलं होतं. सून बटणांची काजं करायला बसायची. ती उत्तर द्यायला तोंड उघडायची, पण आजीचं वाक्य संपेपर्यंत काज पुरं व्हायचं आणि बोलणं राहून जायचं.

घराच्या पुढच्या खोलीत आजीचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचं तोंड तिनं जेमतेम पाहिलेलं, पण धंद्याचा एक नियम तिला कुणी शिकवावा लागला नव्हता. गिऱ्हाईकाचं व्यंग बोलायचं नाही, शिवायचं. एक खांदा उतरता असेल तर आत कापसाची घडी जास्त घालायची. पाठीला बाक असेल तर मागची बाजू दोन बोटं वाढवायची. गिऱ्हाईक आरशात बघून खूश, आणि या कानाचं त्या कानाला नाही.

नातीचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला होता. तिच्यासाठी आजी उंच कॉलर शिवायची. बघणाऱ्याची नजर कॉलरवर अडकते, हनुवटीपर्यंत पोचत नाही. आजीच्या लेखी विषय तिथे संपला होता.

नातीच्या लेखी संपला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जबड्याचं हाड कापून मागे बसवावं लागेल. खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा होता. पण नातीच्या नोकरीबरोबर विमा होता. नुसत्या दिसण्यासाठी असेल तर दमडी मिळणार नव्हती. खाताना अडचण असेल तर सगळा खर्च विमा कंपनीचा.

"आजी, चौकशीला त्यांचा माणूस येईल. मी कामावर असेन. खरं तेवढं सांग."

"मी कधी खोटं बोलले गं?" आजी म्हणाली, आणि ते तिला मनापासून खरं वाटत होतं.

विमेवाला आला तो नेमका गर्दीच्या वेळी. दोन बायका माप द्यायला उभ्या, एक कपडे घालून बघत होती. "नातीला चावायला त्रास होतो का हो?" त्यानं विचारलं आणि तिन्ही बायकांनी कान टवकारले. आजीचा कणा ताठ झाला.

"त्रास? आमच्या घराण्यात? खडा दिला तरी फोडून खाईल. ताट बघा कसं लख्ख होऊन येतं बाहेर!"

"मग ऑपरेशन कशाला?"

"हौस! आजकालच्या पोरी. नाक आवडलं नाही, बदला. हनुवटी आवडली नाही, बदला. आम्ही पडद्याचं कापडसुद्धा इतक्यांदा बदलत नाही."

बायका खो खो हसल्या. विमेवालाही हसला. त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं, तेही आजीनं उभ्या उभ्या घट्ट करून दिलं, फुकट. पोरीची अब्रू राखली म्हणून त्या दिवशी ती खुशीत होती.

पुढच्या महिन्यात नकार आला. नात कापायच्या टेबलाशी उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"चांगलंच सांगितलं. परक्यांपुढे तुझी लाज काढू?"

नात आत गेली, पावाचा तुकडा घेऊन आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आजीसमोर खायला बसली. पुढच्या दातांनी तिनं चावा घेतला, ओढलं. पाव जसाच्या तसा बाहेर आला. वरचे दात खालच्यांना टेकलेच नव्हते. मग तिनं खिशातून कात्री काढली. तीच, दोरा कापायची. नखाएवढे तुकडे केले, बोटानं दाढांपर्यंत सरकवले आणि मान कलती करून चघळत राहिली. हनुवटीवर आलेली लाळ पुसली. तेवढासा पाव, पण तो संपता संपेना. सुनेचे हात थांबले. आजीनं सुनेकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती विम्याच्या कचेरीत गेली. तोच माणूस, बटण जागच्या जागी. "माझी पोर चावू शकत नाही," आजी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी खोटं बोलले."

"आजी, नकार आला की सगळ्यांच्याच घरचे असं म्हणतात," तो हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टरांचा कागद असला तरी वरचे लोक पहिलं बोलणं धरतात."

माझा शब्द फिरत नाही, असं आजी जन्मभर सांगत आली होती. आता तो खरंच फिरत नव्हता.

तिनं दुकानातलं विजेचं मशीन विकलं. त्यात निम्मा खर्च निघत होता. नातीनं पैसे घेतले, पण आभार मानले नाहीत आणि बोलही लावला नाही. उरलेल्यासाठी तिनं कचेरीत जादा काम मागून घेतलं, आणि ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. आजी पुन्हा पायमशीनवर बसली. पाय मारता मारता एकच गोष्ट मनात घोळायची. त्रास होतो का? हो. एवढा एक शब्द म्हणायचा होता. त्याला ना शिक्षण लागत होतं, ना पैसा.

एका संध्याकाळी नात नेहमीसारखी ताट उचलून खोलीकडे निघाली. आजी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तिच्या दारात आडवी उभी राहिली.

"माझ्यावर रागावून दार लावत असशील तर लाव, ते मला भोगलंच पाहिजे. पण लाजून लावत असशील, तर तू माझ्याहून मूर्ख आहेस. आण ते ताट इकडे, सगळ्यांत बस. आणि कात्रीला धार लावून ठेवलीय. बोथट कात्रीनं मी कापडसुद्धा कापू देत नाही."