भासऱ्याचा चष्मा

देवीदास माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भासऱ्यासमोर डोक्यावर पदर लागते, तोंडाला तोंड देऊन बोलायची रीत नाही. छत्तीस वर्षं मी पाळली. चहासुद्धा स्टुलावर ठेवला, हातात नाही दिला. हे आधीच सांगते, कारण पुढं जे केलं ते रागाच्या झटक्यात नाही केलं. पुरतं समजून केलं.

माझा नवरा जानराव. नाव घेते, मले त्याची लाज नाही. प्लांटातून रिटायर झाला तवा बिडीनं छाती पार खाऊन टाकली होती. संडासापर्यंत गेला तरी दम लागे. डॉक्टरीणबाईनं घरी ऑक्सिजनची मशीन लावाले सांगितली. रोज कमीत कमी सोळा तास नळी नाकात. मी चौथी शिकली, पण सोळा मले मोजता येते. महिनाभरात हा माणूस सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरात दारापाशी बसून मेथी निवडू लागला.

मग देवीदास आले, नेहरू नगरहून. कोरोनात त्यांनी पाहिलं होतं म्हणे, ज्याले ऑक्सिजन लागला तो घरी आलाच नाही. आणि जो आला त्याले सवय लागली. छाती आळशी होते, मग मशीनबिगर एक श्वास येत नाही. वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचणारा माणूस, सारा समाज त्यांचं ऐकते. जानराव तर लहानपणापासून ऐकत आला. भाऊ फाटकात खोकलला का हा नळी काढून उशीखाली लपवे, पोट्टे बिडी लपवतात तशी.

एका मंगळवारी मी राशन घेऊन आली. मशीनचा आवाज नाही. वाटलं लाइट गेली, पण पंखा तर फिरून राहिला होता. देवीदास खुर्चीवर, हातात घड्याळ. जानराव पलंगाच्या काठावर वाकलेला, नखं निळी, तोंडातून शब्द निघेना.

"पंचेचाळीस मिनिटं झाली," भासरे भिंतीकडे पाहून म्हणाले, खुशीत. "चालून राहिलं ना? सराव पाहिजे फक्त."

आठ दिवस दवाखान्यात काढले. मशीन कोणी बंद केली, डॉक्टरीणबाईनं विचारलं. जानराव म्हणाला, मीच. बाईनं त्याले समजावलं का याची सवय लागत नाही, छातीले जेवढं जमत नाही तेवढं मशीन भरून देते. बंद ठेवून छाती मजबूत होत नाही, उलट हृदयावर जोर पडते. यानं मान हलवली. घरी आला, फाटकात खोकला ऐकला, आणि हात गेला नाकाकडे. तवा मले समजलं. मशीनजवळ पहारा देऊन भागणार नाही. भावाचा शब्द मोडला पाहिजे.

विहारात मी रोज मैत्री-करुणा म्हणते. त्या रविवारी पोटात करुणा नव्हती, खोटं कावून लिहू?

वंदनेच्या वेळी देवीदासांनी चष्मा काढून ग्रंथाच्या चौरंगावर ठेवला आणि खाली वाकले. मी बायांच्या रांगेतून उठली, चष्मा उचलला, पदरात बांधला आणि त्यांच्यासमोरच बसली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो येऊ दिला.

भासऱ्यांनी चौरंग चाचपला. मग हसून म्हणाले, "चष्मा दे बाई."

"कावून? डोळ्याले सवय लागन. बिना चष्म्यानं वाचा. सराव पाहिजे फक्त."

माझी नात खुशबू, हिंदी शाळेत शिकते, मागून ओढून राहिली होती. "आजी, रहने दो ना, सब देख रहे हैं."

"देखने दे," मी म्हटलं.

वाचू लागले बिचारे. पहिल्या चार ओळी पाठ होत्या, त्या दणक्यात म्हटल्या. मग पान उलटलं आणि गाडी थांबली. ग्रंथ हात लांब करून धरला, मग नाकाशी आणला. मागं कोणी तरी हसलं. मी घड्याळ पाहत होती. घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल ओला झाला. कमिटीवाले म्हणाले, बाई, विहारात थट्टा शोभत नाही. मी सांगितलं, माझ्या माणसाची नखं निळी झाली, ती थट्टा होती का? मग कोणी काय केलं ते सगळ्यांसमोर, नाव घेऊन सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं त्यांना तिथंच बसवलं. पायऱ्यांवर ते चप्पल पायानं शोधत राहिले. मी हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी माझी जाऊ, देवीदासांची बायको सत्यशीला, चष्मा मागाले आली. म्हटलं, ज्याचे डोळे त्याले पाठव.

बुधवारी आले. फाटकात खोकले. जानरावाचा हात नाकाकडे गेला. मी चष्मा हातात धरून दारात उभी राहिली. देवीदास डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होते.

"राहू दे जान्या," शेवटी म्हणाले. "नळी काढू नको. मले नव्हतं समजत."

जानरावाचा हात खाली आला.

चष्मा दिला मी, हातात दिला. चहा विचारला नाही. जानराव त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही, म्हणते भावाची इज्जत घालवली. घालवली. नळी नाकात ठेवूनच रुसून बसते, बसू दे. देवीदास महिन्यातून दोनदा येतात. चहा मी अजूनही विचारत नाही.