हिंगाच्या डबीतला टाक

नागणघाटला जाऊन आलेल्या माणसाला शेजारपाजारचे तीनच गोष्टी विचारतात. ईरम्माकडं बांगड्या भरल्या का, खानावळीतली शेंगाचटणी खाल्ली का, आणि नावेतून बेटावरच्या नंदीला जाऊन आलात का. यातली एक जरी राहिली, तरी तुम्ही गेलाच नाहीत असं धरतात. रंभानं लग्न झाल्यापासून दोन वर्षं या तिन्हींचा धोशा लावला होता. शेवटी गिरणीला सुट्टी पडली आणि हणमंता एकदाचा तयार झाला.

निघण्याआधी रंभानं एक आगळीक केली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक असे, अंगठ्याच्या नखाएवढा, वर बाईची आकृती कोरलेली. ती चांगुणा, हणमंताची पहिली बायको. दुष्काळाच्या साली कावीळ होऊन गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक घालायचा आणि नवं लुगडं असो की गोडाचा घास, आधी तिला दाखवून मग आपण घ्यायचं, ही घरची रीत. रंभानं ती मुकाट पाळली होती. कपाळाला कुंकू लावायचं तेसुद्धा आधी तिला. पण बाईला एखादा दिवस तरी स्वतःचा नको का? सासूचा डोळा चुकवून तिनं टाक काढला, हिंगाच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी उतरंडीमागं सारली. गळा हलका झाला.

सोलापूरहून निघालेली एस.टी. खच्चून भरली होती. तरी त्या दोघांच्या बाकावर तिसरं कुणी बसेना. माणसं दांडीला लोंबकळत मैंदर्गीपर्यंत उभी राहिली, पण त्या जागेकडं कुणी फिरकलं नाही. आज आपलं नशीब जोरावर आहे असं रंभाला वाटलं.

ईरम्माचं दुकान घाटाच्या तोंडाशीच होतं. म्हातारीनं रंभाचा हात मांडीवर घेतला, बोटं जुळवली, अंगठा आत दाबून माप पाहिलं आणि हिरव्या बांगड्या अशा चढवल्या की रंभाला कळलंसुद्धा नाही. मग तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हातारी म्हणाली, "या की अक्का. उंबऱ्यात का उभ्या?"

रंभानं वळून पाहिलं. दारात ऊन होतं आणि रस्त्यावर एक शेळी होती.

"कुणाला म्हणताय?"

"तुमच्यासंगं आल्यात की त्या. हात मोकळे हायत त्यांचे. तुमच्यापेक्षा एक माप बारीक लागंल."

हणमंताचा चेहरा उतरला. "दोघंच हाय आमी," तो घाईनं म्हणाला. पैसे टेकवून तो निघाला, पण उंबरा ओलांडताना अंग चोरून, कडेकडेनं गेला. म्हातारीची नजर गेली असेल, असं रंभानं स्वतःला समजावलं.

खानावळीत वाढप्यानं न विचारता तीन ताटं मांडली. हणमंता ताटाकडं बघेना. रंभानं भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि सवयीनं तिचा हात आधी गळ्याशी गेला. तिथं काहीच नव्हतं. तेव्हा तिला उमगलं. गळ्यात असती तर चांगुणा निमूट बसून आली असती. डबीत कोंडली, म्हणून चालत आली. समोरच्या तिसऱ्या ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडलेला होता.

परतीची गाडी चारला होती. तोवर गावात बसून माणसांच्या नजरा झेलण्यापेक्षा पाणी बरं, असं म्हणून दोघं नावेकडं गेली. नावाडी संगप्पानं आधी हणमंताला हात देऊन नावेत घेतलं, मग रंभाला. मग त्यानं तिसऱ्यांदा हात पुढं केला. नाव एका अंगाला किंचित कलली आणि सावरली.

"सरकून बसा अव्वा," संगप्पा रंभाला म्हणाला. "त्यान्ला जागा द्या."

रंभा सरकली. तिच्या डाव्या बाजूची फळी रिकामी होती आणि भर उन्हात तिकडून गारवा येत होता. काठ दूर गेला तसा तिला राहवेना.

"टाक मी घरी ठिवलाय," ती म्हणाली. "मला एक दिवस माजा पायजे हुता. ती माज्यावर चिडून आलीया."

हणमंता पाण्याकडं बघत होता. "तुज्यावर न्हाय."

"मग?"

"सलाईन लावाया दवाखान्यात बांगड्या काढल्या हुत्या. पहाटं गेली. तितनंच परस्पर मसणात नेली. कासाराचं दुकान उगडायचं हुतं, कोण थांबतंय? म्हटलं, आता कुणाला दिसतंय. आईला सांगितलं, हिरवा चुडा भरून धाडली."

रंभाची भीती त्या क्षणी कुठल्या कुठं गेली आणि तिथं राग आला, नवऱ्याचा. अहेव मेलेली बाई, नवऱ्याच्या आधी गेलेली, आणि तिला चुड्याचा तेवढाही मान मिळू नये. कपाळाचं कुंकू रोज जिला आधी दाखवलं, ती नुसत्या मनगटांनी गेली होती. ही सवत आपल्याकडून काही हिसकावून घेईल म्हणून दोन वर्षं आपण धास्तावलो, याची रंभाला लाज वाटली.

तिनं दोन्ही मनगटांवर एकेक बांगडी ठेवली आणि बाकीच्या हात आवळून काढल्या. पहिली बांगडी रिकाम्या फळीवर धरली. "तुला सैल हुतील," ती म्हणाली, "पर हायत त्या घे." तिनं बोटं सोडली. बांगडी लाकडावर पडल्याचा आवाज झाला नाही. दुसरीचा नाही, तिसरीचाही नाही. सगळ्या संपल्या तेव्हा फळीवर काच नव्हती. हणमंतानं डोळे मिटून घेतले होते. संगप्पा आपला वल्हं मारत होता.

"आनि मी मेले तर?" रंभानं नवऱ्याला विचारलं. "माज्या तरी हातात भराल का?"

हणमंतानं डोळे उघडले आणि तो बेटाकडं बघत बसला. रंभानं मान वळवली.

डाव्या बाजूला बांगड्या किणकिणल्या. मग कुणीतरी तिचा डावा हात अलगद उचलून घेतला. बोटं जुळवली आणि अंगठा आत दाबून माप पाहून ठेवलं.